आकाशांतलें विरजण

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचकांचें पत्र आलें. घर मोठें आहे, तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत जो वाद रंगतो त्याचा निवाडा करण्याचें काम केव्हां केव्हां या सदराकडे येतें. या खेपेचा वाद असा. कॉलेजांत शिकणाऱ्या नातवानें सांगितलें कीं, पृथ्वीवरील पहिला जीव पृथ्वीवर उपजलाच नाहीं, तो अंतराळांतून येथें आला, असें कांहीं मोठे शास्त्रज्ञ म्हणतात. आजोबांनीं विचारलें, "मग तेथें तरी तो कोठून आला?" आणि आजी वाती वळतां वळतां एवढेंच म्हणाल्या, "शेजारून विरजण आणलें म्हणून पहिलें दहीं कुणीं लावलें तें कळत नाहीं रे बाबा." पत्राच्या शेवटीं प्रश्न आहे: तिघांपैकीं खरें कोणाचें?

आजींच्या त्या एका वाक्यांत या विषयाचा निम्मा इतिहास आलेला आहे. उरलेला निम्मा इतिहास भांडें स्वच्छ होतें कीं नव्हतें याविषयींचा आहे, आणि आमच्या मतें अधिक मोलाचा भाग तोच होय.

दूध आपण होऊन दहीं होत नाहीं, त्यास विरजण लावावें लागतें, हें आपल्या घरांतील आठ वर्षांच्या मुलीसही ठाऊक असतें. युरोपांतील विद्वानांस मात्र अशी गोष्ट पटण्यास १९ वें शतक अर्धें उलटावें लागलें. कुजक्या रसांत, साचलेल्या पाण्यांत सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात असें मानणारा पक्ष तेव्हां मोठा प्रबळ होता. लुई पाश्चर यांनीं हंसाच्या मानेप्रमाणें वांकविलेल्या नळीच्या कांचपात्रांत पोषक रस उकळून ठेविला. हवा आंत जाई, पण हवेंतली धूळ नळीच्या बांकांत अडके, आणि रस महिनोगणती निर्मळ राही. तीच मान मोडली कीं थोड्याच दिवसांत रस जंतूंनीं गढूळ होई. ७ एप्रिल १८६४ रोजीं पॅरिस येथें सॉर्बोनमध्यें भरलेल्या सभेपुढें त्यांनीं हें सर्व मांडलें, आणि जीव हा जीवापासूनच होतो हें मत विद्वानांत रूढ होत गेलें.

पण येथेंच एक नवी अडचण उभी राहिली. जीव जीवापासूनच होत असेल, आणि पृथ्वी तर एके काळीं तप्त रसाचा गोळा होती, तर त्या निवालेल्या दुधाला विरजण लावलें कोणीं? १८७१ सालीं एडिंबरो येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलतांना विल्यम टॉम्सन, ज्यांस पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणूं लागले ते, म्हणाले कीं, दोन गोल एकमेकांवर आदळून फुटतात तेव्हां त्यांच्या ठिकऱ्यांबरोबर बीजेंही उडत असलीं पाहिजेत, आणि अशाच एखाद्या उल्कापाषाणावरून पृथ्वीवर पहिलें बीज आलें असणें शक्य आहे. पुष्कळांनीं त्यांची थट्टा केली. २० व्या शतकाच्या आरंभीं स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनीं या कल्पनेस गणिताचा आधार दिला. त्यांस पाषाणाची गरज वाटली नाहीं. सूक्ष्म बीजाणु इतका हलका असतो कीं सूर्यप्रकाशाचा दाबच त्यास ढकलीत नेईल. असा बीजाणु पृथ्वीवरून निघाल्यास २० दिवसांत मंगळाची कक्षा ओलांडील, १४ महिन्यांत नेपच्यूनची, आणि ९,००० वर्षांत शेजारच्या ताऱ्यापाशीं पोहोंचेल, असा त्यांचा हिशेब होता. या मतास 'पॅनस्पर्मिया' म्हणतात. ग्रीक भाषेंत पॅन म्हणजे सर्व आणि स्पर्मा म्हणजे बीज. तेव्हां मराठींत त्यास सर्वबीजवाद म्हणण्यास हरकत नाहीं. हिशेब सुंदर होता. उणें एवढेंच होतें कीं, जो सूर्य बीजाणूस ढकलतो तोच आपल्या अतिनील किरणांनीं त्यास मारतोही.

हा वाद नंतर बरींच वर्षें निजून राहिला. त्यास पुन्हां जागें केलें तें फ्रेड हॉइल यांनीं. आपल्या शरीरांतील कार्बन, प्राणवायु, लोह हीं मूलद्रव्यें ताऱ्यांच्या पोटांत कशीं शिजलीं हें १९५७ सालीं तिघां सहकाऱ्यांसह ज्यांनीं सविस्तर मांडलें ते हे हॉइल. कोणी हौशी मनुष्य नव्हे. त्यांनीं व श्रीलंकेंत जन्मलेले त्यांचे शिष्य चंद्रा विक्रमसिंघे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें प्रतिपादन केलें कीं, ताऱ्यांमधल्या पोकळींतील धुळीचे कण हे बव्हंशीं वाळलेले जंतु होत, आणि धूमकेतु त्यांचे वाहक. १९७९ सालीं तर इन्फ्लुएंझासारख्या सांथीही आकाशांतूनच येतात असें पुस्तक त्यांनीं लिहिलें. हें शेवटचें मत आम्हांस कधींही पटलें नाहीं. इन्फ्लुएंझाचा विषाणु वाढतो तो प्राण्यांच्या जिवंत पेशींत. त्याचे सख्खे भाऊबंद येथल्याच पाणबदकांत सांपडतात. असें असतां त्यास धूमकेतूवर बसवून आणण्याचें प्रयोजन काय? हॉइलसाहेबांचा हट्ट येथें त्यांच्या बुद्धीच्या पुढें धांवला असें आम्ही म्हणूं.

हॉइल यांचे दुसरे शिष्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापुरीं झाला. केंब्रिज येथें १९६३ सालीं त्यांनीं हॉइल यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविली, आणि १९६४ सालीं गुरुशिष्यांच्या जोडनांवानें ओळखला जाणारा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. पुढें पुण्याची 'आयुका' त्यांनीं उभी केली, आणि त्यांच्या मराठी विज्ञानकथा तर आपल्या घरांतील दोन पिढ्यांनीं वाचल्या आहेत. विश्वाच्या उत्पत्तीविषयीं ते गुरूंच्या बाजूनें, बहुमताविरुद्ध, जन्मभर उभे राहिले. तेव्हां जीवबीजाच्या बाबतींतही त्यांनीं नुसती गुरूंची री ओढली असती तर कोणास नवल वाटलें नसतें. पण त्यांनीं केलें तें निराळें. वाद घालीत बसण्यापेक्षां वर जाऊन पाहावें, असा बेत त्यांनीं आंखला.

कल्पना साधी होती. धूमकेतूंच्या धुळीबरोबर जंतु अजूनही पृथ्वीवर उतरत असतील, तर वातावरणाच्या ज्या वरच्या थरांत जमिनीवरची धूळ सहसा पोहोंचत नाहीं तेथें ते सांपडले पाहिजेत. 'इस्रो' व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या साह्यानें २१ जानेवारी २००१ रोजीं हैदराबादेहून पहिला फुगा सोडण्यांत आला. फुग्याखालीं पोलादी नळकांडीं होतीं: आंतून जंतुरहित केलेलीं, हवा उपसून निर्वात केलेलीं, आणि द्रवरूप निऑनच्या अतिशीत स्नानांत बुडविलेलीं. ठरलेल्या उंचीवर एकेकाची झडप उघडे, बाहेरची विरळ हवा आंत शिरून थंडीनें गोठे, आणि झडप पुन्हां मिटे. ४१ किलोमीटरपर्यंतचे नमुने असे हातीं आले. प्रवासी विमानें दहा-बारा किलोमीटरवरून उडतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही उंची केवढी तें कळेल. नमुन्यांत जंतु मिळाल्याचें विक्रमसिंघे यांनीं जुलै २००१ च्या अखेरीस जाहीर केलें. हॉइल तेव्हां ८६ वर्षांचे होते. २० ऑगस्ट रोजीं त्यांचें निधन झालें. परंतु त्या नमुन्यांतून वाढविलेले जंतु पृथ्वीवर सर्वत्र आढळणाऱ्या जातींचेच निघाले, आणि टीकाकारांनीं लगेच विचारलें: हे आकाशांतले कशावरून? तुमच्या प्रयोगशाळेंतलेच कशावरून नव्हेत?

येथें आम्ही घरची एक गोष्ट सांगतों. विरजण संपलें असतां कोमट दुधांत देठासकट हिरवी मिरची टाकली म्हणजे दहीं लागतें, हा उपाय पुष्कळ घरांत ठाऊक आहे. देठावर दूध आंबविणारे जंतु असतात, त्यांचा तो प्रताप. हें मुलांस दाखवावें म्हणून आम्हीं एकाच पातेल्यांतलें उकळून निवविलेलें दूध दोन वाट्यांत ओतलें. एकींत मिरची टाकली, दुसरी तशीच झांकून ठेविली. सकाळीं पाहतों तों दोहींतही दहीं! धाकट्यानें "बिनविरजणाचें दहीं" अशी दवंडीही घरभर पिटली. शोध करतां कळलें कीं, दुसऱ्या वाटींत आदल्या दिवशीं ताक होतें आणि ती नुसती गार पाण्यानें विसळलेली होती. विसळणारे आम्हीच, हें कबूल केलें पाहिजे. पण ती दुसरी वाटी ठेविली नसती, तर पहिल्या वाटींतलें दहीं मिरचीचें कीं वाटीचें, ही शंकासुद्धां आमच्या मनांत आली नसती.

आमची फजिती दोन वाट्यांवर निभावली. मोठ्यांची फजिती मोठी असते. पाश्चर यांच्या त्या व्याख्यानानंतर पांच आठवड्यांनीं, १४ मे १८६४ रोजीं, फ्रान्सच्या दक्षिणेस ऑर्गेय गांवाजवळ कोळशासारखे काळे, ठिसूळ उल्कापाषाण पडले. त्यांतील एक तुकडा कांचेच्या बंद बरणींत एका संग्रहालयांत जपून ठेवला होता. शंभर वर्षांनीं, या पाषाणांत जीवाचे अवशेष आहेत असा गाजावाजा झाला तेव्हां, ती बरणी उघडली. तुकड्यांत खरोखरच पाणथळींतल्या गवताचीं बोंडें सांपडलीं! मग बारकाईनें पाहतां असें दिसून आलें कीं, बोंडें व दगडी कोळशाचा चुरा तुकड्यांत सरसानें चिकटविलेला होता, आणि वरून उल्केच्या जळक्या सालीसारखें रूपही दिलेलें होतें. आकाशांतून बीज येतें असा वाद ऐन रंगांत असतां कोणा खट्याळानें ही करामत करून ठेविली असावी. गंमत अशी कीं, त्याची थट्टा कोणाच्या ध्यानींच आली नाहीं. बरणी तशीच मिटलेली राहिली आणि थट्टा करणारा केव्हांच निघून गेला.

लबाडी नसतांही असें होतें. १९६७ सालीं चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर-३ यानाचा कॅमेरा १९६९ सालीं अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनीं परत आणला, तेव्हां त्यांत माणसाच्या तोंडांत राहणारे जंतु मिळाले. अडीच वर्षें चंद्रावर राहूनही ते जगले, असें पुष्कळ दिवस सांगण्यांत येई. पुढें जुनीं चित्रें पुन्हां तपासलीं तेव्हां कॅमेरा हाताळणारांचा पेहराव आखूड बाह्यांचा होता असें आढळलें, आणि जंतु येथेंच शिरले असावेत असें मत झालें. जपानच्या यानानें २०२० सालीं र्‍युगू या लघुग्रहाचे कण बंद डबींत आणले. त्यांतील एका कणावर लंडनच्या प्रयोगशाळेंत जंतूंच्या तंतूंची वस्ती दिसली. ती दिवसेंदिवस वाढत गेली व मग ओसरली. कण उघड्या हवेंत आल्यावर पृथ्वीवरच्याच जंतूंनीं त्यावर बिऱ्हाड केलें होतें. सोवळ्यांत वावरलेल्या जुन्या मंडळींस यांत नवल वाटणार नाहीं. आपण शुद्ध आहों एवढें म्हणून तेथें भागत नसे; कशास शिवलों आणि कशास नाहीं, हें विचारतांच सांगतां यावें लागे.

म्हणून २० एप्रिल २००५ चा दुसरा प्रयोग आम्हांस पहिल्याहून मोठा वाटतो. नारळीकर त्याचे प्रमुख होते. ४५९ किलोग्रॅमचें उपकरण, ३८ किलोग्रॅम द्रव निऑन, १६ नळकांडीं, आणि २० पासून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा. नमुन्यांची तपासणी एकाच हातीं ठेविली नाहीं. हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचें राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा दोन ठिकाणीं ती वेगवेगळी झाली. जंतूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. १२ पैकीं ९ जंतु ओळखीच्या जातींचे होते; तीन मात्र शास्त्रास सर्वस्वीं नवे निघाले, आणि आपल्या निकटच्या नातलगांपेक्षां अतिनील किरण अधिक सोसणारे. २००९ सालीं त्यांचें बारसें झालें. एकास इस्रोचें नांव मिळालें, एकास आर्यभटाचें, आणि तिसरा 'जॅनिबॅक्टर हॉइली' झाला. आयुष्यभर ज्या कल्पनेसाठीं हॉइल यांनीं थट्टा सोसली तिच्या शोधांत सांपडलेल्या जंतूला त्यांचें नांव मिळालें, याहून निराळी गुरुदक्षिणा ती कोणती? मात्र त्याच वेळीं इस्रोनें प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत स्पष्ट म्हटलें कीं, हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असें या प्रयोगानें निर्णायकपणें सिद्ध होत नाहीं. पुढील शोधास उत्तेजन मात्र मिळतें. गुरूंच्या नांवापुढें आणखी एक वाक्य जोडण्याचा मोह येथें सहज होण्यासारखा होता. तें वाक्य जोडलें गेलें नाहीं.

आणि तें बरें झालें. कारण आर्यभटाच्या नांवाचा तो जंतु नंतर खालीं जमिनींतही ठिकठिकाणीं सांपडूं लागला. मध्य हिंदुस्थानच्या काळ्या मातींत सोयाबीन व गहूं यांच्या मुळांशीं राहून पिकास जस्त मिळवून देणाऱ्या याच जातीच्या जंतूंविषयीं २०१४ सालीं संशोधन प्रसिद्ध झालें आहे. आकाशांतून आणून ज्याचें बारसें केलें, तो पाहुणा आपल्या शेतांत नांदत असलेला आढळला! विक्रमसिंघे यांच्या पक्षाचें यावर उत्तर ठरलेलें आहे: सारेच जीव वरून आले असतील तर वरचा व खालचा एकाच कुळींतले निघणारच. पण मग वरचा जंतु खालच्याहून वेगळा निघाला असता तर तोही पुरावाच झाला असता. असें मत पडतही नाहीं आणि उभेंही राहत नाहीं. शिवाय वर सांपडला तो वरूनच आला असें थोडेंच आहे? गच्चीवर सांपडलेला मुलगा जिना चढूनही आलेला असूं शकतो. ज्वालामुखीचे स्फोट व मोठीं वादळें धूळ किती उंच नेतात याचा हिशेब अद्याप पुरा लागलेला नाहीं. जंतूच्या देहांतील कार्बनादि द्रव्यांच्या समस्थानिकांचें प्रमाण पृथ्वीवरच्याहून स्पष्ट निराळें निघालें, तर मात्र बोलण्यास जागा राहणार नाहीं.

तर मग नातू चुकला काय? अगदींच नाहीं. ताऱ्यांपलीकडून बीज येण्याची गोष्ट दूरची. पण शेजारच्या घरून, म्हणजे मंगळावरून, विरजण येणें अशक्य नाहीं असें आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. मंगळावरचे दगड पृथ्वीवर येतात हें निर्विवाद आहे, आणि त्यांतला एक फार प्रसिद्ध दगड २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारांत गया जिल्ह्यांतील शेरघाटी येथें पडला. त्या गांवाच्या नांवावरून मंगळाच्या दगडांच्या एका सबंध वर्गास शेर्गोटाइट म्हणतात. हे दगड मंगळाचे, हें १९८० नंतर कळलें; अशाच एका दगडांत कोंडलेला वायु, १९७६ सालीं मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनीं मोजलेल्या तेथील हवेशीं जुळला. अंटार्क्टिकावर १९८४ सालीं मिळालेल्या दुसऱ्या एका दगडांत जीवाचे अवशेष आहेत असें १९९६ सालीं जाहीर झालें होतें. तें मत आतां फारसे कोणी मानीत नाहीं. पण त्याच दगडाच्या चुंबकत्वावरून २००० सालीं एक गोष्ट कळली ती अधिक कामाची आहे: मंगळावरून उडून येथें पडेपर्यंत त्याचा गाभा ४० अंश सेल्सियसच्या वर तापलाच नव्हता. विरजण लावतांना दूध जेवढें कोमट असावें तेवढेंच हें!

वाटेंतील किरणांचें काय, हें जपान्यांनीं पाहिलें. 'तान्पोपो' हें तिकडच्या एका फुलझाडाचें नांव. त्याचीं बीजें आपल्या रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणें वाऱ्यावर तरंगतात. त्या नांवाच्या प्रयोगांत २०१५ पासून तीन वर्षें चिवट जातीचे जंतु आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेर उघडे ठेवले. अर्धा मिलिमीटर जाडीच्या थरांत वरचे मेले, आणि मेलेल्यांच्या आड आंतले जगले. दुसरीकडे, २४ सप्टेंबर २०२३ रोजीं बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. तींत आपल्या प्रथिनांतील २० पैकीं १४ अमिनो आम्लें व जनुकांचीं पांचही मूळाक्षरें सांपडल्याचें जानेवारी २०२५ मध्यें जाहीर झालें. पण आपल्या देहांतील अमिनो आम्लें बहुतेक सारीं डाव्या घडणीचीं असतात, तर बेन्नूवरचीं डावीं-उजवीं जवळजवळ सारखीं निघालीं. म्हणजे तीं कोणा जीवानें केलेलीं नव्हेत. आकाशांत दूध आहे, विरजण अद्याप मिळालेलें नाहीं, असा याचा अर्थ आम्ही करतों.

आजोबांचा प्रश्न मात्र जेथल्या तेथें आहे. पहिला जीव मंगळावर उपजला असला तरी निर्जीवांतून सजीव कसें झालें हें तेथल्यापुरतें सांगावेंच लागेल. फक्त पत्ता बदलला. सर्वबीजवादाविरुद्ध हा आक्षेप नेहमीं घेतला जातो, व तो बिनतोड आहे. पण पत्ता बदलणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, एवढें आम्ही नातवाच्या वतीनें म्हणूं. मंगळावर जीव सांपडला आणि त्याची जनुकलिपि आपलीच निघाली, तर दोन घरें एका विरजणाचीं ठरतील. लिपि निराळी निघाली, तर दोन्ही घरीं दहीं स्वतंत्रपणें लागलें असें होईल, आणि मग विश्वांत इतरत्रही तें लागत असलें पाहिजे.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यांत निवर्तले. त्यांच्या प्रयोगाच्या पुढचें पाऊल आतां मंगळावर आहे. पर्सिव्हिअरन्स गाडीनें तेथील खडकांचे व मातीचे नमुने नळ्यांत बंद करून डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्यें एका सपाट जागीं दहा नळ्या मांडून ठेवल्या आहेत. त्या पृथ्वीवर केव्हां आणतां येतील हें खर्चाच्या अडचणीमुळें ठरलेलें नाहीं. त्या दहांपैकीं एक नळी मुद्दाम निराळी नेली होती. तींत खडक घातला नाहीं. येथून जातांना गाडीबरोबर काय काय गेलें याची साक्ष देण्यापुरतीच ती उघडली, आणि पुन्हां बंद करून इतर नळ्यांशेजारीं ठेविली आहे.